वेळापत्रकातला पी.टी.चा तास जातो कुठे? (ठाणे, नवी मुंबईच्या पालकांनो आणि शिक्षकांनो, लिहा)

उपवनकाठ (धागाकर्ती)

लेक तिसरीत आहे. परवा संध्याकाळी ती ओट्यापाशी उभी राहून दुसऱ्या दिवशीच्या परिसर अभ्यासाच्या चाचणीची तयारी करत होती. 'ज्या आहारातून शरीराला आवश्यक असणारे सर्व अन्नघटक योग्य प्रमाणात मिळतात...' असं घडाघडा म्हणून दाखवत होती आणि मधेमधे क्रीमचं बिस्कीट उघडून आतलं क्रीम खालच्या दातांनी खरवडून खात होती. उरलेल्या कोरड्या चकत्या ओट्यावर एकावर एक रचलेल्या. बारा मोजल्या मी. व्याख्येत मात्र एक शब्द चुकला नाही. चाचणीत पाचपैकी पाच.

बिस्किटं घरात मीच आणलेली, त्यामुळे शाळेच्या नावाने बोटं मोडत नाहीये. पण डोक्यात किडा वळवळला आणि तिच्या वहीत डकवलेलं वेळापत्रक काढलं. मंगळवारी आणि शुक्रवारी शा. शि., ३५ मिनिटं. मग कॅलेंडरवर रोज विचारून खूण करत गेले. सहा आठवडे, बारा तास. मुली प्रत्यक्ष खाली उतरल्या चार वेळा. बाकीचे कुठे गेले? तीन गणिताच्या उजळणीला, दोन पावसाला, एक बाई रजेवर म्हणून, एक मैदानात कुणाच्या तरी कार्यक्रमाचा मांडव होता म्हणून. आणि एक २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनाला! त्या दिवशी मुलांना रांगेत उभं करून फोटो काढले आणि वर्गात परत पाठवलं. ध्यानचंदांच्या वाढदिवसाला पी.टी. बुडते ही गंमत मला आयुष्यभर पुरेल.

त्यात घोडबंदर रोडवर बस. जाताना पन्नास मिनिटं, येताना त्याहून जास्त. घरी आली की खाणं, मग अबॅकस. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. माझ्या हिशेबात शाळेच्या दिवशी तिची पंधरासुद्धा भरत नाहीत.

अजून एक. वर्गात पाढे बरोबर म्हटले की चॉकलेट. वाढदिवस असला की चॉकलेट. पन्नासच्या वर्गात वर्षाला पन्नास वाढदिवस. आहाराचा धडा मात्र 'गोड पदार्थ बेताने खावेत'.

पुढच्या शनिवारी पालक सभा आहे. तुमच्याकडे काय चालतं? आणि सभेत नेमकं काय मागावं?

कोलशेतकर

आमच्या सोसायटीत पोडियमवर पाटी आहे: 'चेंडू खेळण्यास सक्त मनाई'. त्याच पाटीला टेकून पोरं मोबाइल खेळतात. शाळेवरच कशाला घसरता?

खारघर_टेकडी

आमची शाळा सीबीएसई. एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरीसाठी शारीरिक शिक्षणाचं वेगळं पाठ्यपुस्तक काढलं, 'खेल योग' नावाचं. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शारीरिक शिक्षण आणि स्वास्थ्य हा पूर्ण विषय धरलाय, शिल्लक वेळेत उरकायचा उपक्रम नव्हे. वाचून आनंद झाला होता. आता होतं काय, तर त्या पुस्तकातले प्रश्न वहीत उतरवून घेतात. मुलगा बाकावर बसून 'संतुलन म्हणजे काय' लिहीत होता. एका पायावर उभं राहायला सांगितलं असतं तर दहा सेकंदांत कळलं असतं!

खडूडस्टर

शिक्षिका आहे, कळव्याकडच्या एका पालिकेच्या प्राथमिक शाळेत. इतके दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून लिहितेय.

पी.टी.चा तास बाई खातात हे खरं आहे. मी पण खाल्लेत. पण त्या तासाला मालकच नाही, हे पालकांना माहीत नसतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चं परिशिष्ट काढून बघा. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यावा असं तिथे लिहिलंय. पहिली ते पाचवीसाठी तशी ओळच नाही. म्हणजे ज्या वयात मूल धावायला, उडी मारायला, झेल घ्यायला शिकतं, त्या वयात हा विषय वर्गशिक्षिकेच्या पदरात. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, ऑनलाइन माहिती भरणं, मतदार याद्या, आणि वर कवायत. मी डी.एड.ला असताना लेझीम शिकले होते. आज गुडघे बोलतात.

पुस्तकाचं म्हणाल तर बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' आहेच, चांगलं आहे. अडतं ते वर्षअखेरीला. श्रेणी भरायची असते आणि सगळ्यांना एकच श्रेणी दिली तरी कुणी विचारत नाही. गणितात कुणी मागे राहिलं तर मला विचारतात, वरचे आणि पालक दोघंही. जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं हो.

आता खाण्याचं. आमच्याकडे मुलांना पोषण आहार मिळतो, पीएम पोषणचा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा निकष आहे. १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य, ५० ग्रॅम भाजी. मी एकदा चौथीच्या मुलांना ताटातल्या मटकीचे दाणे मोजायला लावले. एकाच्या ताटात एकोणीस, दुसऱ्याच्या ताटात त्रेसष्ट, कारण डाव वरून मारला की खालून यावर सगळं अवलंबून. मुलांनीच ठरवलं की वाढण्याआधी पातेलं तळापासून ढवळायचं. स्वयंपाकाच्या मावशी आधी रागावल्या, मग हसायला लागल्या. आता रोज एक मॉनिटर 'मावशी, तळ!' म्हणून ओरडतो. गणित, परिसर अभ्यास आणि आहार, तिन्ही एका पातेल्यात झालं. त्याला वेगळी तासिका लागली नाही.

अंड्याचंही सांगते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून एक अंडं सुरू झालं होतं (न खाणाऱ्यांना केळं). अंड्याच्या दिवशी हजेरीपट भरलेला असायचा. २०२५ च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी थांबला, लोकसहभागातून द्या म्हणाले. आमच्या वस्तीतला लोकसहभाग म्हणजे पालक स्वतः पहाटे नाक्यावर कामाला उभे.

तुमची मुलं क्रीम खरवडतात, आमची पातेलं. दोघांना एकच धडा आहे.

सव्वाशे

सगळ्यांचा मान ठेवून विरोधी मत मांडतो. शाळेने किती करायचं? वाहतुकीचे नियम, मूल्यशिक्षण, परसबाग, स्वच्छता, आर्थिक साक्षरता, आता पळणं आणि खाणंही. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस, ८०० तास. त्यात चौथीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही हे वास्तव आहे. मी शिकवण्या घेतो, रोज बघतो. आमच्या वेळी अभ्यासक्रमात कुठे होतं हे? नौपाड्यात गल्लीत विटीदांडू खेळायचो, आई हाका मारून थकायची. खेळ शिकवावा लागत नाही, मोकळं सोडावं लागतं. आणि खाणं हे घरचं काम. क्रीमची बिस्किटं शाळेने दिली नव्हती.

(आता या अंगावर. पॉपकॉर्नऐवजी भाजके चणे घेऊन बसलोय.)

कोपरी_पूर्व

सव्वाशे, नौपाड्याच्या त्या गल्लीत आता दुहेरी पार्किंग आहे. तुमच्या आईने हाक मारायची तर आधी गाड्या हलवायला लागतील.

उपवनकाठ

बिस्किटांचं आधीच कबूल केलंय हो. पण 'मोकळं सोडा' म्हणजे कुठे? माझ्या मजल्यावरून येऊरचा डोंगर दिसतो आणि मुलीला उडी मारायला जागा नाही. ज्या वस्तू गल्लीत फुकट मिळत होत्या त्या गल्ली गेल्यावर कुठून तरी द्याव्या लागणारच. पाणी विहिरीतून नळात आलं तसं.

पामबीच

बालरोगतज्ज्ञ आहे, नेरूळला. थोडं लांबेल.

या विषयात उत्साहाच्या भरात एक चूक होते ती आधी सांगतो. शाळेत व्यायाम आणि आहार शिकवला की मुलं बारीक होतील, असं कुणी सभेत सांगितलं तर मान डोलवू नका. अमेरिकेत १९९० च्या दशकात 'कॅच' नावाचा मोठा प्रयोग झाला होता. चार राज्यं, ९६ प्राथमिक शाळा, तिसरी ते पाचवीची पाच हजारांवर मुलं. पी.टी.चे तास सुधारले, शाळेच्या जेवणातली चरबी कमी केली, वर्गात धडे, घरच्यांसाठी वेगळा भाग. तीन वर्षांनी पाहिलं तर तासात मुलं खरोखर जास्त पळत होती, ताटातली चरबी उतरली होती. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल मात्र इतर शाळांसारखंच. मग सगळं फुकट? नाही. पुढे तीन वर्षांनी तीच मुलं आठवीत गेल्यावर पुन्हा तपासली, तेव्हाही खाण्याच्या आणि हालचालीच्या सवयींत फरक टिकून होता. शाळा सवय लावू शकते. वजनकाटा हलवणं तिच्या एकटीच्या हातात नाही.

हे मुद्दाम लिहिलं कारण काट्यावर डोळा ठेवला की काय होतं ते मी दवाखान्यात पाहतो. गेल्या वर्षी एक आठ वर्षांचा मुलगा आला, दोन आठवडे डबा परत आणत होता. एका शाळेत आरोग्य तपासणीच्या दिवशी सगळ्यांची वजनं वर्गासमोर मोठ्याने वाचली होती. त्याच्या आकड्याला वर्ग हसला. त्याला बोलतं करायला मला तीन भेटी लागल्या. सभेत एकच मागायचं असेल तर हे मागा: मुलाचं वजन मुलाच्या पालकांना बंद पाकिटात, बाकी कुणाला नाही.

खडूडस्टर म्हणतात तेही अगदी बरोबर. २०१६ ते १८ मधल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयाची २२ टक्के मुलं वयाच्या मानाने उंचीत खुरटलेली होती, २३ टक्के हडकुळी, आणि जादा वजनाची ४ टक्के. माझ्या दवाखान्यात उलट दिसतं, कारण माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक पाम बीच रोडचं आहे. म्हणून सगळ्या जिल्ह्याला 'कमी खा' शिकवणारा धडा नको. 'काय खा' शिकवा.

६० मिनिटांबद्दल: ती सलग लागत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे चालतात. आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू मजबूत होतील असं काही हवं. त्यासाठी जिम नको, उड्या हव्यात. लंगडीसारखा खेळ हाडांना फार मानवतो.

सव्वाशे

डॉक्टर, म्हणजे माझंच म्हणणं झालं की! एवढा खटाटोप करून वजन जागच्या जागी.

पामबीच

तुमच्या शिकवणीला येऊन मुलाचा पहिला नंबर आला नाही तर फी परत देता का? वजाबाकी तर येते ना त्याला आता?

सव्वाशे

हा गुण तुमचा.

डबेवाला_बाबा

वाशीहून. डबा मी भरतो, बायको सकाळी साडेसहाची लोकल पकडते. तरी शाळेच्या ग्रुपवर सूचना येते: 'आयांनी कृपया लक्ष द्यावे.' असो.

आमच्या शाळेने डब्याचा तक्ता दिलाय. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी मोडाची उसळ, बुधवारी पराठा, असं. हेतू चांगला आहे. पण दोन महिन्यांत त्याची स्पर्धा झाली. कुणी काकडीची फुलं कोरतं, कुणी थालीपिठाला बदामाचे डोळे लावतं, ग्रुपवर फोटो. माझी पोळी-भाजी त्यापुढे शासकीय कार्यालयासारखी दिसते.

खरी गोम वेगळीच निघाली. मुलगा डबा अर्धा परत आणायचा. ओरडलो, चव बदलली, काही नाही. मग एक दिवस अर्धा तास आधी पोचलो तर मधल्या सुट्टीत फाटकातून दिसलं. सुट्टी वीस मिनिटांची. घंटा झाल्यावर हात धुवायला रांग, डबा उघडेपर्यंत सहा-सात मिनिटं गेली. मग ज्याचं आधी संपेल त्याला खेळायला आधी जायला मिळतं! म्हणून माझा पठ्ठ्या दोन घास कोंबून, डब्याचं झाकण कसंबसं लावून धूम. भाजीचा काही दोष नव्हता.

वाचलंय की काही देशांत शाळांनी क्रम उलटा केला, आधी खेळ आणि मग जेवण, तर मुलं फळं-भाज्या जास्त खातात, टाकतात कमी. साधी गोष्ट आहे, भूक लागते. यात एक पैचा खर्च नाही.

सहज म्हणून पेयांचा हिशेबही मांडला. मुलाला वाढदिवसाला मिळालेला फळांच्या रसाचा खोका, २०० मिली. लेबलवर १०० मिलीला १३ ग्रॅम साखर, म्हणजे खोक्यात २६ ग्रॅम, साडेसहा चमचे. सात ते नऊ वयाला आपल्याकडे दिवसाला सुमारे १७०० कॅलरी धरतात. साखर त्याच्या दहा टक्क्यांत ठेवा, जमल्यास पाच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच टक्के म्हणजे २१ ग्रॅम. एका खोक्यात बार उडाला. हे गणित मुलाला करायला दिलं तर त्याने नंतर आजीच्या चहातली साखर मोजली. घरात तंग वातावरण आहे.

खारघर_टेकडी

हेच शाळांनी करावं म्हणून २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने 'शुगर बोर्ड' (कशात किती साखर ते दाखवणारे फलक) लावायला सांगितले ना. आमच्याकडे लागलाय, पण जिन्याच्या वळणावर, मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. पहिलीच्या मुलांना त्याची फक्त खालची चौकट दिसते.

कोपरी_पूर्व

आणि शाळेबाहेरचं? अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे की शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचं खाणं विकायचं नाही. मी पावलं टाकून मोजलं. फाटकापासून साधारण सत्तर पावलांत दोन सामोसेवाले, एक बर्फाचा गोळा आणि वेफर्सच्या माळा लटकवलेली टपरी. पण एक सांगतो, तिथेच एक आजी बसतात. टोपलीत बोरं, आवळे, चिंचा, कैरीच्या फोडी, हिवाळ्यात हरभऱ्याच्या जुड्या. नियम कडक झाला की पालिकेची गाडी सगळ्यात आधी त्यांची टोपली उचलते, कारण त्यांना पळता येत नाही. टपरी तशीच राहते. म्हणून 'बाहेरचं सगळं बंद करा' असा ठराव कुणी मांडला तर मी विरोधात.

उपवनकाठ

+१. आवळ्याला मीठ-तिखट लावलेलं मात्र डॉक्टरांनी वाचलं नाही असं समजू.

शिट्टी

नमस्कार. बत्तीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं, आता निवृत्त. रोज सकाळी मासुंदा तलावाला चार फेऱ्या मारतो, तेवढीच नोकरी उरली. सगळे प्रतिसाद वाचले. तास मिळत नाही यावर सगळे बोलले. मिळालेल्या तासात काय होतं यावर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

नोकरीच्या दहाव्या-अकराव्या वर्षी मला स्वतःचा फार अभिमान होता. माझा तास म्हणजे शिस्त. पंचेचाळीस मुलं, सरळ रांगा, एक चेंडू. एकदा पाय मुरगळला म्हणून कडेला खुर्ची टाकून बसलो, दुसरे सर तास घेत होते, अगदी माझ्याच पद्धतीने. वेळ जाईना म्हणून एका मुलावर स्टॉपवॉच लावलं. तो हलला की चालू, थांबला की बंद. ३५ मिनिटांच्या तासात त्याची चार मिनिटं दहा सेकंद भरली. बाकीचा वेळ पोरगं रांगेत उभं राहून पुढच्याच्या शर्टाला खडू लावत होतं.

दुसरं, बाद होणं. आपले बहुतेक खेळ असे की जो बाद झाला तो कडेला बसला. आधी बाद कोण होतं? जे जाडं, जे हळू, जे घाबरट. म्हणजे ज्याला पळण्याची सगळ्यात जास्त गरज, तोच सगळ्यात आधी बसतो आणि सगळ्यात जास्त वेळ बसतो. बत्तीसपैकी पहिली अकरा वर्षं मी हे केलं. ती मुलं आता चाळिशीची असतील आणि त्यांना पी.टी. आवडत नसेल.

मग मी बदल केला. बाद झालेला कडेला बसायचा नाही, पकडणाऱ्यांच्या गटात जायचा. साखळीत तेच आहे बघा, आपल्या पोरांनी कधीच शोधून ठेवलेलं. लंगडीत बाद झाला की दुसऱ्या बाजूला जाऊन दहा उड्या मारून परत आत. खो-खोत आठ जण बसलेले दिसतात, पण तो बसणारा सज्ज असतो, पाठीवर हात पडला की सुटायचं असतं, त्यामुळे तो खेळ मला चालतो. मात्र छोट्यांना नऊ-नऊचे संघ नकोत, पाच-पाचचे दोन पाट करा. एका चेंडूऐवजी कापडाचे बारा चेंडू शिवून घ्या. जुन्या मोज्यात चिंध्या भरल्या की झाला.

मैदान नाही म्हणता? स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेने २०१२ मध्ये सुरू केलं, रोज पंधरा मिनिटं मुलांनी शाळेभोवती आपापल्या गतीने धावायचं किंवा चालायचं. कपडे बदलायचे नाहीत, शिट्टी नाही, नंबर नाही. पुढे ते बऱ्याच देशांत गेलं. मला आवडलं कारण त्याला पी.टी.चा शिक्षक लागत नाही. खडूडस्टर बाई, तुमच्या गुडघ्यांनासुद्धा चालेल.

आणि सव्वाशे, तुमच्यासाठी. व्हरांड्यात खडूने एक ते शंभर आकड्यांचे चौकोन आखा. सातचा पाढा लंगडी घालत म्हणायचा, सातवर उडी, चौदावर उडी. चुकला तर परत सातवर. गणिताच्या तासातली दहा मिनिटं घ्या, पी.टी.च्या तासाला हात लावू नका.

सव्वाशे

शिट्टी सर, एकवीसनंतर अठ्ठावीस लांब पडेल हो, सात घरं पुढे. पण कल्पना चोरतोय. शिकवणीची खोली दहा बाय बारा आहे, खालचे राव तक्रार करतील.

खडूडस्टर

सर, तुमच्या चार मिनिटं दहा सेकंदांनी झोप उडाली. उद्याच एका मुलावर घड्याळ लावते. स्वतःवरही लावेन म्हणते.

मोरपंखी

जपानमध्ये मुलं शाळेत एकमेकांना जेवण वाढतात, आहारशिक्षणाचा २००५ पासून कायदाच आहे तिथे. आपल्याकडे का नाही?

कोपरी_पूर्व

आलं, जपान आलं. प्रत्येक धाग्यावर पंचविसाव्या प्रतिसादाला जपान येतंच. वर खडूडस्टर बाईंचा मॉनिटर 'मावशी, तळ!' ओरडतोय, त्याला जपानी म्हणा हवं तर.

उपवनकाठ

धागा वर काढतेय. सभा झाली, नंतर तीन आठवडेही झाले, म्हणून एकदम लिहिते.

तयारी करून गेले होते. बारा तासांचा हिशेब, कॅलेंडरचा फोटो, सगळं. मुख्याध्यापिका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'तास आम्ही उगाच नाही घेत. पालकच मागतात.' आणि फोन काढून गेल्या वर्षीच्या ग्रुपमधले निरोप दाखवायला लागल्या. सहामाहीच्या आधीचे. 'टीचर, कृपया पी.टी.ऐवजी उजळणी घ्या', 'खेळायला वर्षभर आहे', असे सात-आठ. त्यातला तिसरा माझा होता.

माझा. नाव, फोटो, हात जोडल्याची खूण, सगळं. मला तो पाठवल्याचं आठवतही नव्हतं. तेव्हा ती दुसरीत होती! सभेत चाळीस पालक. मी म्हटलं, 'हो, मीच लिहिलंय, आणि आता मागे घेते.' दोघी-तिघी हसल्या, त्यांचेही निरोप यादीत असणार.

त्यानंतर मात्र बोलणं सोपं झालं. शा. शि.चा तास झाला की वर्गातल्या कॅलेंडरवर मुलंच हिरवा ठिपका देतात, बुडाला तर रिकामं ठेवतात, आणि महिनाअखेर ते कॅलेंडर पालकांना दिसतं. तीन आठवड्यांत सहापैकी पाच हिरवे. पाढ्याचं चॉकलेट बंद, त्याऐवजी बरोबर म्हणणाऱ्याने पुढचा खेळ निवडायचा. वाढदिवसाला वर्गाच्या पेटीत एक खेळ द्यायचा, दोरी, चेंडू, सागरगोटे काहीही. वजनं पाकिटात, हे तर लगेच मान्य झालं, डॉक्टरांचे आभार. आधी खेळ मग डबा याला नकार मिळाला, दोन सत्रांच्या शाळेत सुट्टीच्या वेळा हलवता येत नाहीत म्हणाल्या. पुन्हा विचारणार आहे. बसचं काहीच होण्यासारखं नव्हतं, तो रस्ता आहे तसाच आहे.

क्रीमची बिस्किटं आणणं थांबवलंय. लेकीने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी नाचणीची आंबोळी केली ती नाक मुरडून ठेवली. चौथ्यांदा केली तेव्हा अर्धी खाल्ली. डॉक्टर, किती वेळा करायची असते?

पामबीच

नवी चव मुलांच्या गळी उतरायला आठ-दहा वेळा, काहींना पंधरा वेळाही लागतात. आग्रह न करता ताटात थोडीशी ठेवत राहा आणि तुम्ही स्वतः तिच्यासमोर खा. चौथ्यालाच अर्धी म्हणजे फारच लवकर. सोबत काय दिलंत?

उपवनकाठ

गूळ-खोबरं. मोजू नका.

शिट्टी सर, एक विचारायचं राहिलं. शाळेने आकड्यांचे चौकोन आखायला परवानगी दिलीय, पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात. शनिवारी आम्ही चार पालक जातोय. रुंदी मोजली, सव्वादोन मीटर भरली, एका बाजूला कठडा आहे. दहा-दहाच्या ओळी बसतील का?

शिट्टी

कठडा असेल तर दहाच्या नकोत. पाच-पाचच्या वीस ओळी करा, चौकोन एका फुटाचा, म्हणजे आखलेला भाग दीड मीटरचा. उरलेली जागा सगळी कठड्याच्या बाजूला सोडा, चौकोन भिंतीकडे. तैलरंग वापरू नका, पावसाळ्यात पाय घसरतो. साध्या खडूनेच आखा, पुसला की मुलं पुन्हा आखतील, तीही कसरतच. मोजे काढायला सांगा. आणि सव्वाशेंना घेऊन या, आकडे सरळ रेषेत काढायला कुणीतरी हवं.

सव्वाशे

किती वाजता?